सात पिढ्या थांबायचं का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

तीस वर्षं सांगलीत अर्थशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर दर शनिवारी घराची पुढची खोली उघडी ठेवते. शिक्षणाचा खर्च, कर्ज, वाटणी, वारसा अशा अडचणी घेऊन लोक येतात. जून आला की माणसं नवी असतात, प्रश्न मात्र तेच. आपली मुलं आपल्यापेक्षा बऱ्या दिवसांत जातील का, आणि त्यासाठी काय विकावं, काय राखावं, हे सगळ्यांनाच विचारायचं असतं. गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी दहांना इथे उत्तर देते. नावं गाळली आहेत. प्रत्येक घराचे कागद वेगळे असतात, तेव्हा इथलं वाचून लगेच व्यवहार करू नका. कुठे जाऊन विचारायचं ते त्या त्या उत्तरात सांगितलं आहे.

प्रश्न : मॅडम, मोबाईलवर फिरतंय की भारतात गरिबाला वर यायला सात पिढ्या लागतात. मी मार्केट यार्डात हमाली करतो. मग पोराला शिकवून उपयोग काय? (सांगली)

आकडा खरा आहे, पण त्याचा लावलेला अर्थ चुकीचा आहे. 2018 मध्ये ओईसीडी या बहुतेक श्रीमंत देशांच्या संघटनेने हा हिशेब मांडला. सगळ्यांत कमी कमाईच्या दहा टक्क्यांतलं घर देशाच्या सरासरी कमाईला पोचायला किती पिढ्या जातील, असा तो प्रश्न होता. डेन्मार्कमध्ये दोन, संघटनेच्या सदस्य देशांत सरासरी चार ते पाच, भारतात सात, ब्राझीलमध्ये नऊ आणि कोलंबियात अकरा, असं उत्तर आलं.

हा हिशेब कसा करतात ते समजून घ्या, म्हणजे भीती जाईल. बापाचं मागं राहणं मुलाकडे किती उतरतं, यावर सगळं अवलंबून आहे. समजा देशाची सरासरी कमाई एक रुपया आहे आणि बाप पन्नास पैसे कमावतो. तो पन्नास पैसे मागे आहे. जिथे या अंतराचा पाचवा हिस्साच पुढे उतरतो, तिथला मुलगा नव्वद पैशांवर येतो. जिथे साठ टक्के उतरतं, तिथला मुलगा सत्तर पैशांवर राहतो आणि नातू ब्याऐंशीवर. अशा पिढ्या वाढत जातात. कॅनडातले अर्थतज्ज्ञ माइल्स कोराक यांनी अनेक देशांचे आकडे शेजारी मांडून दाखवलं की जिथे गरीब-श्रीमंतांतली दरी मोठी, तिथे बापाची कमाई मुलाला जास्त चिकटते. शिडीच्या पायऱ्या लांब लांब असल्या की चढणाऱ्याचा पाय पोचत नाही.

पण ही सरासरी आहे. तुमच्या मुलाचं काय होणार ते या आकड्यात कुठेही लिहिलेलं नाही. अंतर एका पिढीत तोडणारी घरं या जिल्ह्यात मी मोजता येणार नाहीत इतकी पाहिली आणि त्यांतली बहुतेक शाळेच्याच वाटेने गेली. तेव्हा पोराला शिकवा. तो आठवीत असेल आणि शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल, तर एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेबद्दल मुख्याध्यापकांना आजच विचारा. घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असलं आणि त्याची निवड झाली, तर नववी ते बारावी दर वर्षी 12 हजार रुपये मिळतात. आणखी एक. तुमची स्वतःची नोंद माथाडी मंडळाकडे आहे का? 1969 चा माथाडी कायदा तुमच्यासाठीच झाला. नोंद असेल तर भविष्यनिर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि मुलांच्या शिक्षणाला काही मदत मिळते का, ते मंडळाच्या कार्यालयात जाऊन विचारा. मुकादमाच्या तोंडी माहितीवर राहू नका.

प्रश्न : भारत जगातला चौथ्या क्रमांकाचा समान देश आहे असं वाचलं. मग दरी मोठी आहे असं तुम्ही का लिहिता? (मिरज)

कारण तो आकडा खर्चाचा आहे, कमाईचा नाही. 2022-23 च्या घरगुती खर्चाच्या पाहणीवरून जागतिक बँकेने भारताचा गिनी निर्देशांक, म्हणजे विषमतेचं माप, 25.5 दिला. शून्य म्हणजे सगळ्यांचं सारखं, शंभर म्हणजे सगळं एकाकडे. श्रीमंत देशांचे आकडे बहुतेक करून कमाईवरून काढलेले असतात. दोन्ही एका रांगेत लावून नंबर काढणं चूक आहे आणि ही चूक जाणकार माणसंही पुढे पाठवतात, याचा मला राग येतो.

विश्रामबागेतली दोन घरं डोळ्यांसमोर आणा. एकात महिन्याला 25 हजार येतात, 23 हजार संपतात. दुसऱ्यात पाच लाख येतात, 80 हजार संपतात. खर्चातला फरक साडेतीन पट, कमाईतला वीस पट. दुसऱ्या घरात उरलेला पैसा फ्लॅटमध्ये, सोन्यात, शेअरमध्ये जातो आणि तोच पुढच्या पिढीच्या हाती पडतो. वर्ल्ड इनिक्वालिटी लॅबच्या अभ्यासकांनी 2024 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार 2022-23 मध्ये देशाच्या कमाईतला 22.6 टक्के आणि मालमत्तेतला 40.1 टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे होता. त्यांच्या पद्धतीवर अर्थतज्ज्ञांत वाद आहेत आणि ते व्हायलाच हवेत. पण निदान त्यांनी कमाई आणि मालमत्ताच मोजली आहे.

प्रश्न : वारसा कर सुरू झाला म्हणतात. आजीच्या घरावर आम्हाला भरावा लागेल का? (सातारा)

नाही. इस्टेट ड्यूटी, म्हणजे आपल्याकडचा जुना वारसा कर, 1985 मध्ये रद्द झाली, त्यानंतर परत आलेली नाही. ते घर पुढे विकलंत तर भांडवली नफ्यावर कर लागू शकतो, तेव्हा विकण्याआधी करसल्लागाराला विचारा.

प्रश्न : आमच्या भागातले गलाईवाले आठवी-नववी शिकलेले, आज गावात त्यांचे बंगले आहेत. मुलगा पंधरा वर्षांचा आहे, अभ्यासात लक्ष नाही. त्याला शाळेतून काढून मामाकडे तमिळनाडूत दुकानात पाठवावं म्हणतो. (विटा)

गलाईवाल्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव, खटाव, माण या दुष्काळी पट्ट्यातून माणसं निघाली, जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम शिकली आणि देशभरातल्या सराफ बाजारांत जाऊन बसली. आपल्या भागात एका पिढीत दैन्य हटवणाऱ्या ज्या वाटा झाल्या, त्यांतली ही मोठी वाट. ती उघडली कशी, हे मात्र नीट बघा. तिथे भांडवल पैशाचं नव्हतं, नात्याचं होतं. मामाने भाच्याला नेलं, भाच्याने चार-सहा वर्षं भट्टीपुढे काढली, मग त्याला वेगळं दुकान थाटून दिलं, मग त्याने चुलतभावाला बोलावलं. ज्याला तो आधार मिळाला तो वर गेला. ज्याला नाही मिळाला तो वीस वर्षांनीही दुसऱ्याच्या दुकानात कामगारच आहे. यात्रेला गावात बंगलेवाल्यांच्या गाड्या दिसतात. ॲसिडच्या धुराने छाती भरलेला कामगार यात्रेला येत नाही, म्हणून तो तुम्हाला दिसत नाही.

शिवाय धंदा बदलला. 2021 पासून दागिन्यांवर हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने आली, तपासणी यंत्रावर होते, बिलं आणि जीएसटी सांभाळावं लागतं. आज नुसती हातोटी पुरत नाही, हिशेब आणि कागद लागतात.

मुलगा पंधरा वर्षांचा आहे. अठराच्या आतल्या मुलाला धोक्याच्या कामाला लावायला कायद्याने बंदी आहे आणि भट्टी-ॲसिडचं काम हे त्याच्या अंगाला धोक्याचंच आहे. दहावी होऊ द्या, जमलं तर बारावी. सुट्टीत मामाकडे पाठवा, दुकानाचा हिशेब बघू दे. मग मामाशी स्पष्ट बोला : पगार किती, किती वर्षांनी स्वतंत्र करणार, विमा आहे का. हे बोलताना घरातली एखादी वडीलधारी व्यक्ती सोबत असू द्या. अभ्यासात लक्ष का नाही, तेही शाळेच्या समुपदेशकाला किंवा वर्गशिक्षकांना विचारा. कितीदा तरी मुलाला फळाच दिसत नसतो आणि घरी कुणाला पत्ता नसतो.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची आहे. सुकन्या समृद्धी खातं उघडता येईल का? (तासगाव)

नाही. मुलीला दहा वर्षं पूर्ण होण्याआधी ते उघडावं लागतं. पोस्टात पीपीएफची माहिती घ्या.

प्रश्न : मुलगा आणि मुलगी दोघं यंदा बारावी सायन्स (मुलगा एक वर्ष थांबला होता). मुलीला सीईटीत चांगले पर्सेंटाईल आहेत, मुलाला फारच कमी. पुण्याचा एक माणूस म्हणतो, मुलाची इंजिनिअरिंगची सीट पक्की करून देतो, आधी दोन लाख टोकन, बाकी प्रवेशाच्या वेळी. त्यासाठी पंधरा गुंठे विकायचं ठरवतोय. मुलीला इथेच बी.एस्सी.ला घालू, तिच्या लग्नाचंही बघायचंय. मुलींना फी माफ असते असं ऐकलं, पण पाहुणे म्हणतात ते नुसतं कागदावर. योग्य करतोय ना? (पलूस तालुका)

नाही, भाऊ. हे उत्तर लांबणार आहे. शेवटपर्यंत वाचा आणि घरात सगळ्यांना वाचून दाखवा, मुलीलाही.

आधी त्या माणसाबद्दल. केंद्रीय प्रवेश फेरीतली जागा कुणीही विकू शकत नाही, ती गुणवत्ता यादीने जाते. कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती जाहीर असते. त्याबाहेर देणगी घेणं हा महाराष्ट्रात 1987 च्या कायद्याने गुन्हा आहे. मग तो दोन लाख कशाचे घेतोय? त्याची युक्ती जुनी आहे. दहा पालकांकडून टोकन घ्यायचं आणि वाट बघायची. त्यांतल्या चार मुलांना कुठल्या तरी कॉलेजात रिकाम्या जागेवर आपोआप प्रवेश मिळतो, कारण अनेक कॉलेजांत जागा रिकाम्याच राहतात. त्या चौघांकडे ‘मी केलं’ म्हणायचं आणि उरलेल्यांना टोलवत राहायचं. पावती मागा. देत नसेल तर दारातूनच परत पाठवा. आधीच पैसे दिले असतील तर संदेश, कॉलच्या नोंदी आणि बँकेची नोंद जपून ठेवा आणि वकिलाला भेटा.

आता मुलीबद्दल. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने, 2024-25 या वर्षापासून, व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. त्याआधी ते निम्मं माफ होतं. अटी आहेत : घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे, आणि मुलगी आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) किंवा ओबीसी गटातली हवी. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांसाठीच्या योजना वेगळ्या आणि आधीपासून आहेत. खासगी अभिमत विद्यापीठांना हे लागू नाही, म्हणून पर्याय भरताना कॉलेजचा प्रकार बघा. वसतिगृह, मेस, पुस्तकं हा खर्च यात येत नाही. वसतिगृहासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे, तिची पात्रता वेगळी तपासावी लागेल.

‘नुसतं कागदावर’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना एकच विचारा : त्यांनी महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, अर्ज भरला होता का? दर वर्षी हे वाक्य माझ्या खोलीत येतं आणि दर वर्षी मी विचारते. बहुतेकांनी अर्ज केलेलाच नसतो. काहींचं आधार बँक खात्याला जोडलेलं नसतं, काहींचा उत्पन्नाचा दाखला मुदतीनंतरचा असतो. सवलत मिळवायला कागद लागतो आणि कागदाला दिवस लागतात.

दोन वर्षांपूर्वी जुलैतल्या एका शनिवारी एक बाप-लेक आले. बाहेर पाऊस, दोघं भिजलेले. बापाने शर्टाच्या आतून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून चौपट घडी घातलेली सेतूची पावती काढली आणि माझ्या टेबलावर तळहाताने सरळ केली. मुलीला पहिल्याच फेरीत चांगल्या कॉलेजात कॉम्प्युटरची जागा लागली होती. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बाप ‘ओळखीतल्या माणसाची’ वाट बघत राहिला, मग शनिवार-रविवार आला, मग मुहूर्त नव्हता. मुदत आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला संपली होती. तो मला विचारत होता, ‘मॅडम, ही पावती आता कुठं चालंल का?’ मुलगी काही बोलली नाही. पिशवीवरचं पाणी ओढणीने पुसत बसली. मी त्या दिवशी तीन ठिकाणी फोन केले, काही झालं नाही. पुढच्या फेरीत तिला काही मिळालं नाही आणि वर्ष थांबायला घर तयार नव्हतं. ती आज एका कापड दुकानात बिलं करते. तिची आठवण झाल्याशिवाय माझा एकही जुलै जात नाही.

पिढ्यांच्या प्रगतीचे अभ्यास बघितले तर त्यांतही मुली हरवलेल्या आहेत. सॅम अशर, पॉल नोवोसाड आणि चार्ली रॅफकिन यांनी भारतातल्या अनेक दशकांचा अभ्यास केला. उदारीकरणाच्या आधीपासून आजवर, खालच्या घरातल्या मुलाची वर जायची शक्यता एकंदरीत फारशी बदललेली नाही. अनुसूचित जातींची वाढली, मुस्लिमांची घटली. हा अभ्यास मुख्यतः बाप आणि मुलगा यांच्या जोड्यांवर उभा आहे. लग्न होऊन गेलेली मुलगी पाहणीत सासरी मोजली जाते, तिचा बाप कोण आणि किती शिकला होता हे समजतच नाही. आकड्यात नाही म्हणून ती हिशेबात नाही, असं मात्र होऊ देऊ नका. आई शिकलेली असेल तर मूल जगतं, शाळेत टिकतं, हे जगभर पुन्हापुन्हा दिसलेलं आहे. तुमची मुलगी इंजिनिअर झाली तर तिची मुलं कुठून सुरुवात करतील, हेही तुम्ही आज ठरवताय.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. परक्यांच्या मुलांसाठी दिले. तुम्हाला तर मुलीसाठी काहीच विकायचं नाहीये. तिची फी सरकार भरतंय. आणि गुण नसलेल्या मुलासाठी तुम्ही जमीन विकायला निघालात. मला मुलाबद्दलही तितकीच काळजी आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गणितात बुडालेली, जमीन विकल्याचं ओझं घेऊन फिरणारी मुलं मी तीस वर्षं पाहिली. त्याला विचारलंत का, त्याला काय हवंय? आयटीआय आहे, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आहे, तिथून पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत हाताला काम येणाऱ्या मुलाला मागणी असते.

या आठवड्यात चार कामं करा. तहसीलमधून चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, त्यात शेतीचं उत्पन्न खरं लिहा. गटानुसार लागणारं प्रमाणपत्र. मुलीचं आधार बँक खात्याला जोडून घ्या. आणि जवळच्या प्रवेश सुविधा केंद्रात तिला घेऊन जा, पर्याय भरताना तिला बोलू द्या. वसतिगृहाला पैसे कमी पडले तर जमिनीआधी शैक्षणिक कर्जाचं बघा. साधारण चार लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं, हे विसरू नका. दोन बँकांत विचारा. अटी दर वर्षी बदलतात, तेव्हा कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातून ताजी माहिती घेतल्याशिवाय माझ्या शब्दावरही जाऊ नका.

आणि लग्न. मुलीने ते बघायला तुम्हाला सांगितलंय का?

प्रश्न : बँकेत नॉमिनी मी एकटाच आहे. म्हणजे वडिलांचे पैसे माझेच ना? (इस्लामपूर)

नाही. नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त, मालक वारसच. भावंडांना कळवा आणि वाटप वकिलाकडून लिहून घ्या.

प्रश्न : मुलगा पुण्यात एमपीएससी करतोय, पाचवं वर्ष. 28 वय. दर महिन्याला खर्च पाठवतो, बँकेत काही उरलं नाही. वयोमर्यादा 38 आहे म्हणून तो म्हणतो वेळ आहे. थांबवावं का? (कोरेगाव)

वयोमर्यादा म्हणजे अर्ज कधीपर्यंत करता येईल याची रेषा. तोवर वाट बघायची असं तिच्यात कुठेही नाही. पण ‘थांबव’ असं फोनवर सांगू नका. त्याला घरी बोलवा आणि कागदावर दोघांनी मिळून लिहा : पाच वर्षांत किती गेले, किती प्रयत्न झाले, पूर्व कितीदा पास झाला, मुख्य कितीदा. खोली-मेसचा खर्च दिसतो. न कमावलेला पगार कागदावर कधीच येत नाही, आणि बहुतेक घरांत तोच मोठा असतो. मग एक तारीख ठरवा, अजून एक किंवा दोन प्रयत्न, आणि त्या काळात त्याने अर्धवेळ काही कमवावं. याच अभ्यासावर चालणाऱ्या इतर परीक्षाही आहेत.

क्लासच्या फलकांवरचे फोटो बघून आशा धरू नका. एकाच यशस्वी मुलाचा फोटो चार क्लास लावतात. कुणी महिनाभराची मुलाखतीची तयारी करून घेतलेली असते, कुणी नुसती टेस्ट सिरीज. म्हणूनच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंगच्या जाहिरातींवर नियम घातले.

मुलगा रात्री झोपत नसेल, फोन टाळत असेल, जेवण सुटलं असेल, तर हिशेब बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरला दाखवा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 हा क्रमांक फुकट आहे.

प्रश्न : जमीन अजून आजोबांच्या नावावर आहे, ते 1991 ला गेले. तीन चुलते, दोन आत्या. भांडण नाही, नुसतं करायचं राहिलंय. मुलाच्या कर्जाला बँक सातबारा मागतेय. किती दिवस लागतील? (जत)

तीस वर्षांहून जास्त राहिलं, आणि आता बँकेला आठ दिवसांत हवंय. हे मी दर महिन्याला ऐकते. वारसाहक्काने जमीन आली की तीन महिन्यांत कळवायचं असतं. तेव्हा तुमचे वडील धरून निदान सहा वारस होते. आज त्यांतले दोन गेले असतील तर त्यांची मुलं, सुना, लेकी सगळे आले. मागच्या शनिवारी तुमच्याच तालुक्यातल्या एका घराची वंशावळ मी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला काढायला घेतली. एकवीस नावं झाली, पत्रिका पुरली नाही, आणि त्यांतल्या एकाचा पत्ता खोलीतल्या कुणालाच माहीत नव्हता. ज्याच्या नावावर जमीन आहे तो माणूस नाही आणि जो कसतो त्याचं नाव नाही, अशा घराला पीककर्ज, विमा, तारण, भरपाई सगळीकडे अडतं. दोन पिढ्यांची मेहनत अशी कागदाअभावी पडून राहते. त्यात भांडण नसतं, हेच जास्त वाईट वाटतं.

2025 मध्ये शासनाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम याच कामासाठी काढली. मृत्यूचे दाखले आणि वारसांची यादी घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे जा. आत्यांची नावं गाळू नका. ‘त्यांना नको आहे’ हे तुम्ही ठरवायचं नाही, आणि खोटी यादी दिली तर पुढे फेरफार रद्द होतो. हरकत आली नाही तरी नोटिशीची मुदत जावी लागते, त्यामुळे बँकेला आजच कळवून वेळ मागा. नोंद झाली म्हणजे वाटणी झाली असं नाही, वाटणी वेगळी करावी लागते. त्यासाठी वकील गाठा.

प्रश्न : ताई, भाऊ म्हणतो हक्कसोडपत्रावर सही कर, नुसती औपचारिकता आहे, पुढच्या गुरुवारी ऑफिसात यायचंय. माझं लग्न 1998 ला झालं, आमचा त्यात हक्क नसतो ना? (वाई)

असतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्माने हक्क आहे. हिंदू वारसा कायद्यातला हा बदल 2005 चा, आणि वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत वाटणी किंवा न्यायालयाचा हुकूमनामा झाला असेल तर गोष्ट वेगळी. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागे घेणं फार अवघड असतं. सोडायचं की ठेवायचं ते तुम्ही ठरवा, भावाशी प्रेमानेच बोला, पण गुरुवारी जाऊ नका. भावाने आणलेला वकील तुमचा वकील नव्हे. मसुद्याची प्रत मागून घ्या, सातबारा आणि आठ-अ काढा आणि स्वतःच्या वकिलाला दाखवा. वकिलाची फी परवडत नसेल तर साताऱ्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला मिळतो.